लेहची पहिली फ्लाइट

ऑफिसातल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एक 'लेह-लडाख प्लॅन' असतोच. निम्मे प्लॅन रजेच्या अर्जापाशीच गारद होतात, ते सोडा. पण जे जातात त्यांचं सगळं सेट असतं... दिल्लीहून सव्वा-दीड तास, खिडकीची सीट, पांढऱ्या शिखरांचे फोटो. उतरल्यावर हॉटेलवाला प्रेमाने दम देतो, आज फक्त झोपा! मीही निमूट झोपलो. दोन जिने चढून धाप लागली होती, दुसरं करणार काय? पडल्यापडल्या डोक्यात भुंगा मात्र एकच : इथे पहिलं विमान उतरवलं कुणी?

उत्तर आहे एअर कमोडोर मेहेर सिंग. हवाई दलातले 'बाबा'. तारीख 24 मे 1948, विमान डाकोटा, आणि शेजारी मेजर जनरल थिमय्या. बाबांचं वय तेव्हा फक्त 33. (आपण त्या वयात अप्रेझलवर रुसून बसतो.)

परिस्थिती खरंच बिकट होती. स्कर्दूला वेढा पडलेला, कारगिल हातचं गेलेलं. लेहमध्ये मूठभर सैनिक. कुमक पायी पाठवायची तर पोचेपर्यंत लेह राहील की नाही, हाच प्रश्न. सोनम नोर्बू या लडाखी इंजिनिअरने गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूकाठी धावपट्टी तयार केली होती. पण तिथवर जायचं कसं? या मार्गाचे धड नकाशे नव्हते. डाकोटाची केबिन प्रेशराइज्ड नव्हती. पंखांवर बर्फ साचलं तर ते काढायची सोय नव्हती. आणि धावपट्टी साडेदहा हजार फुटांवर! तिथली हवा इतकी विरळ, की इंजिनाची ताकद कमी आणि उतरतानाचा वेग जास्त.

बाबा उतरले. पाठोपाठ गुरखे आले, आणि लेह वाचलं.

ही काही एकदाच लागलेली लॉटरी नव्हे. त्याआधी पूंछमध्येही तेच. शहराला वेढा, आत हजारो निर्वासित, तीन बाजूंना ओढे असलेली आखूड पट्टी. बाबांनी तिथे जवळपास तीन टन माल भरलेलं डाकोटा उतरवलं. रात्री कंदिलांच्या उजेडातही लँडिंग केलं. जाताना डोंगरी तोफा, येताना निर्वासित.

मला स्वतःला पायलटइतकंच कौतुक मागच्या मंडळींचं वाटतं. डाकोटात पुढे पायलट, को-पायलट, मग नॅव्हिगेटर आणि रेडिओवाला. त्यांच्या मागे, उघड्या दारापाशी, गारठलेल्या हातांनी पोती खाली ढकलणारे लोक. याच दारातून हातांनी बॉम्बही लोटले गेले. मालवाहू विमानाचं बॉम्बर, जुगाड करून!

बाबांना महावीर चक्र मिळालं. पण 1948 मध्येच त्यांनी हवाई दल सोडलं, आणि 1952 मध्ये विमान अपघातातच ते गेले. वय 36.

डाकोटा पाहायचंय? 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटाचा नंबर होता व्हीपी 905. ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेलं एक जुनं डाकोटा 2018 मध्ये उडत भारतात आलं. त्याला हाच नंबर दिलाय. नाव 'परशुराम'.