मृत्यूची नोकरी जाते तेव्हा

मृत्यूच्या देवीला साहेबांचं बोलावणं येतं. स्वर्ग म्हणजे एक मोठं चकचकीत ऑफिस. तिथे तिला सांगितलं जातं, की खाली मुंबईत आज एक बाळ जन्माला येतंय, ते मोठं होऊन अमरत्वाचा शोध लावणार आहे, तेव्हा तुमच्या खात्याची आता गरज उरली नाही. युगानुयुगांच्या चाकरीबद्दल तिला काय मिळतं, तर एक मर्त्य देह. मुंबईतच नुकत्याच मरण पावलेल्या लैला स्टार नावाच्या तरुणीचा. देवी त्या देहात जागी होते आणि थेट ते बाळ जिथे आहे ते हॉस्पिटल गाठते. बाळापाशी पोचतेही. पण हात उठत नाही.

‘द मेनी डेथ्स ऑफ लैला स्टार’ ही पाच भागांची कॉमिक्स-मालिका 2021 साली अमेरिकेत बूम स्टुडिओजने काढली. चित्रं फिलिपे आंद्रादे या पोर्तुगीज चित्रकाराची आणि लेखन राम व्ही यांचं. पूर्ण नाव राम वेंकटेशन, गाव मुंबई, सध्याचा मुक्काम लंडन. बॅटमॅन ज्या मासिकात 1939 मध्ये पहिल्यांदा अवतरला, त्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ची लेखणी 2022 ते 2024 या काळात त्यांच्या हाती होती. आपल्या शहरातला माणूस इथवर गेला याचा अभिमान आहेच, पण हा लेख त्यासाठी लिहायला घेतलेला नाही. राम व्ही गेली अनेक वर्षं पुन्हापुन्हा एकाच प्रश्नापाशी येताहेत, आणि तो प्रश्न आपल्या घरातला आहे. ज्याला मरण नाही, त्याने जगायचं कसं?

आपण लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावामागे ‘चि.’ छापतो. चिरंजीव असणं हा आपल्याकडे आशीर्वाद. सात चिरंजीवांचा श्लोक लहानपणी पाठ करून घेतात, आणि त्यात पहिलंच नाव अश्वत्थाम्याचं. तोच अश्वत्थामा कपाळावरची भळभळती जखम घेऊन तेल मागत रानोमाळ हिंडतो, असंही सांगतात. नर्मदा परिक्रमा करून आलेली माणसं आजही त्याच्या गोष्टी सांगतात. आशीर्वाद आणि शाप एकाच शब्दात राहतात, हे आपल्याला कुणी समजावून द्यावं लागत नाही. राम व्हींच्या गोष्टी वाचताना मला वेंकटेशन घराण्यातल्या कुणा आजीने त्या सांगितल्या असाव्यात असं वाटत राहतं; हा माझा निव्वळ तर्क, पण तो जात नाही.

त्यांचं शिक्षण रसायन अभियांत्रिकीचं. लेखन सुरू झालं ते मुंबईतच. 2010 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विवेक गोयल यांच्या ‘होली काऊ एंटरटेन्मेंट’ने त्यांची ‘अघोरी’ ही मालिका काढली. त्या काळात इंग्रजीत भारतीय कॉमिक्स काढणाऱ्या लहान लहान मंडळींची एक लाटच आली होती. पुराणातली पात्रं, पिळदार देह, काळोख आणि रक्त, असा त्या लाटेचा एकूण नूर. पुढे त्यांनी नोकरी सोडली, लंडनला जाऊन सिटी युनिव्हर्सिटीत सर्जनशील लेखनाचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. तिथेच डॅन वॉटर्स, अॅलेक्स पॅकनाडेल आणि रायन ओ’सुलिव्हन या लेखकांबरोबर ‘व्हाइट नॉइज’ नावाचा कंपू जमला. एकमेकांचं लिखाण वाचायचं, त्यावर बोलायचं, अडलं तर सोडवायचं. आपल्याकडे ‘सत्यकथा’च्या काळातल्या लेखकांच्या बैठकांबद्दल आपण ऐकत आलो, तसंच काहीसं.

लंडनला गेलेल्या माणसाने पहिल्यांदा कशावर लिहिलं? मुंबईवर. ‘ब्लॅक मुंबा’ हा या शहरातल्या गुन्हेकथांचा काळापांढरा संग्रह वाचकांकडून वर्गणी गोळा करून निघाला. त्यानंतर 2018 मध्ये ‘ग्राफिटीज वॉल’. झोपडपट्टी पाडून झाल्यावर एक भिंत तेवढी उभी राहिलेली आहे. सुरेश नावाचा पोरगा, ज्याला सगळे ग्राफिटी म्हणतात, त्या भिंतीवर रंगवतो. त्याचा मित्र जयेश याला रॅपर व्हायचंय. सायराला सिनेमात जायचंय. चष्मा नावाचा एकजण हॉटेलात वेटरचं काम करतो आणि लिहितो. चौघांची चार प्रकरणं. यात देव नाही, राक्षस नाही. भिंत आहे, आणि तीही राहणार नाही हे पोरांना ठाऊक आहे. मला वाटतं राम व्हींच्या पुढच्या सगळ्या लेखनाचा पाया त्या भिंतीत आहे. उद्या पडणार हे माहीत असताना आज रंग लावायचा.

‘ग्राफिटीज वॉल’ची चित्रं मुंबईच्याच आनंद राधाकृष्णन यांची, आणि अक्षरं आदित्य बिडीकर यांची. इथे जरा थांबतो, कारण कॉमिक्सचा लेखक नेमकं काय करतो हे आपल्याकडे फारसं कुणी विचारत नाही. लहानपणी रद्दीवाल्याकडून आणलेल्या ‘इंद्रजाल’मधला वेताळ मी शेकडो वेळा वाचला, पण तो कुणी लिहिला, कुणी काढला, याचा विचारही मनात आला नाही. ‘अमर चित्र कथा’ म्हटलं की अनंत पै आठवत, पुस्तकागणिक बदलणारा चित्रकार क्वचितच.

लेखक संहिता लिहितो. पान एक, चौकटी पाच. पहिल्या चौकटीत काय दिसतं, कोण कुठे उभं आहे, उजेड कुठून येतो, कोण काय बोलतं. अमेरिकी मासिक अंक साधारण वीस-बावीस पानांचा, म्हणजे पानं मोजूनच गोष्ट सांगायची. उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत अशी काही जागा ठेवायची, की वाचकाचं बोट पान उलटायला आपोआप उचललं जावं. मग चित्रकार काढतो, रंगकार रंगवतो, आणि सगळ्यात शेवटी अक्षरकार येतो. संवादाचे फुगे कुठे बसवायचे, शेपटी कुणाकडे वळवायची, कुजबुज बारीक अक्षरात घ्यायची की फुगाच मोठा ठेवून आत शब्द एकटे सोडायचे, हे सारं त्याचं. चित्रातल्या चेहऱ्याचा एक इंचही न झाकता डोळ्याला वाट दाखवायची. बिडीकरांनी हे काम राम व्हींच्या एकापाठोपाठ एक पुस्तकांत केलं आहे. त्यांची पानं वाचताना आवाज ऐकू येतो, असं मी अगदी शब्दशः म्हणतो. ‘ब्लू इन ग्रीन’ (2020) या जॅझवादकाच्या भयकथेत तर चित्रं, रंग आणि अक्षरं वेगळी काढताच येत नाहीत. त्या पुस्तकातल्या चित्रांसाठी आनंद राधाकृष्णन आणि जॉन पियरसन यांना 2021 चा आयझनर पुरस्कार मिळाला. कॉमिक्सच्या जगात त्याहून मोठा मान नाही. लेखक मोठा होत गेला तसे त्याच्या सोबतीचे लोकही पुढे आले, आणि याचं श्रेय मी राम व्हींना मोकळ्या मनाने देतो.

त्यांचं नाव झालं ते मात्र ‘दीज सॅव्हेज शोअर्स’ने. 2018-19 मध्ये व्हॉल्ट कॉमिक्सने काढलेले पाच भाग, चित्रकार सुमित कुमार. अठराव्या शतकातला एक इंग्रज रक्तपिपासू लंडनमध्ये उघडा पडतो आणि त्याला जहाजातून मलबार किनाऱ्यावर पाठवून देतात. काळ 1766 चा. याच वर्षी म्हैसूरच्या हैदर अलीच्या फौजा कालिकतवर चालून आल्या आणि तिथल्या राजाने, सामुतिरीने, शरण जाण्याऐवजी वाड्याला आग लावून त्यात स्वतःचा अंत करून घेतला, हा इतिहास आहे. पुढच्याच वर्षी इंग्रज आणि म्हैसूर यांचं पहिलं युद्ध सुरू झालं. या धुमाळीत युरोपातला रक्तपिपासू उतरतो, आणि त्याची समजूत अशी, की इथे आपणच सगळ्यात भयंकर. किनाऱ्यावर बिशन आहे. बिशन राक्षस आहे, राजपुत्राचा रखवालदार आहे, कोरी नावाच्या नर्तिकेवर त्याचा जीव आहे. आणि तो फार, फार जुना आहे.

सुमित कुमार पानाच्या नऊ सारख्या चौकटी करतात, तीन गुणिले तीन, खिडकीच्या गजांसारख्या. त्यात कोरी नाचते तेव्हा एकेका चौकटीत फक्त हात, फक्त डोळे, फक्त घुंगरू. नृत्य कागदावर स्थिर करायचं म्हटलं की ते मरतं. इथे ते नऊ तुकड्यांत जिवंत राहतं. बाजूला इंग्रजांची घरी लिहिलेली पत्रं चालू असतात. ईस्ट इंडिया कंपनीचा मसाला, कंपनीच्या वखारी, कंपनीची भूक. रक्त कोण पितंय हे लेखक बोट ठेवून सांगत नाही. कंपनीचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो तहनाम्यांच्या आणि सनावळ्यांच्या रूपात. तो भुकेच्या रूपात मला पहिल्यांदा इथे दिसला.

यानंतर मोठ्या प्रकाशनसंस्थांची दारं उघडली. डीसीसाठी ‘कॅटवुमन’, मार्व्हलसाठी अॅल ईविंग यांच्या जोडीने ‘व्हेनम’. या कामात पात्रं मालकाची, लेखक पाहुणा. कधीतरी खोली रिकामी करून जायची आणि जाताना भिंतीला खिळा ठोकलेला चालत नाही. तरीही 2021 मध्ये आलेल्या ‘स्वॅम्प थिंग’मध्ये त्यांनी खिळा ठोकलाच. दलदलीतून उठणारा हा वनस्पतिपुरुष 1971 मध्ये लेन वीन आणि बर्नी राइटसन यांनी निर्माण केला आणि ऐंशीच्या दशकात अॅलन मूर यांनी त्याला तत्त्वज्ञाची उंची दिली. राम व्हींनी ती जागा लेव्ही कामेई या नव्या माणसाला दिली : न्यूयॉर्कमध्ये राहणारा, मुळं ईशान्य भारतातली. गावाकडचं रान आणि कंपनीचा विकास यांत त्याचं घर दुभंगलेलं. दहा अंकांची ठरलेली मालिका वाढून सोळा अंकांवर गेली. मुळं असणं म्हणजे काय, हा प्रश्न ज्याच्या अंगावर खरोखरची मुळं फुटतात त्याला विचारला जातो, आणि तो परदेशी गेलेल्या कुठल्याही आपल्या माणसाला लागू पडतो.

बॅटमॅनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चे अंक 1062 ते 1089 अशी ती दीर्घकथा ऑपेरासारखी बांधली आहे, आणि त्यामागची महत्त्वाकांक्षा मला आदराची वाटते. पण निवेदनाची भाषा काही ठिकाणी इतकी जड होते, की बॅटमॅनचा झगा ओला होऊन लोंबावा तसं वाटतं. राम व्हींना शब्दांचा मोह आहे. चित्रकार बोलत असताना लेखकाने गप्प राहावं, हे त्यांना आंद्रादेंबरोबर जितकं साधतं तितकं गॉथममध्ये साधलेलं नाही.

म्हणून पुन्हा लैला स्टारकडे. देवी मर्त्य देहात मरते, आणि जीवनाचा देव प्राण तिला परत उठवतो. दर वेळी मधली वर्षं निघून गेलेली असतात. जे बाळ मारायला ती गेली होती तो दारियस शाह दर भेटीत मोठा होत जातो : मुलगा, तरुण, प्रौढ, म्हातारा. प्रत्येक प्रकरणाचा सूर वेगळा. एक प्रकरण सिगारेट सांगते, जळत जळत. एक मुंबईतलं चिनी देऊळ सांगतं. माझगावात असं देऊळ खरोखरच आहे, आणि मुंबईत जन्म काढलेल्या कितीजणांनी ते पाहिलं असेल?

आणि एक कावळा आहे. मेलेल्यांच्या क्रियाकर्माशी बांधलेला कावळा. परदेशी समीक्षकांना तो अद्भुत वाटला. मी ते पान उघडं ठेवून बराच वेळ बसलो. आमच्या आजीच्या दहाव्याला नाशिकला गोदेच्या काठी पिंड मांडला होता आणि कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसलेले, खाली एकही नाही. ऊन चढत चाललेलं. काका पुढे झाले, हात जोडून म्हणाले, “धाकटीचं लग्न मी लावून देईन, काळजी करू नकोस.” तरी नाही. मग आत्या कुणालाच नीट ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “आई, तुझं तुळशीवृंदावन विकायचं नाही, सांगते मी त्यांना.” कावळा आला. एवढंसं ते काळं पाखरू, आणि बारा माणसांचे खांदे एकदम खाली आले. इकडचं बोलणं तिकडे पोचवणारा तो टपालवाला आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. राम व्हींनी त्याला बोलतं केलं, एवढंच. त्यांनी तळटीप दिली नाही, परक्या वाचकासाठी खुलासा केला नाही.

हे पुस्तक मराठीत यायला हवं. कावळा, देवी आणि तो ऑफिससारखा स्वर्गलोक, यांना मराठी बोलताना ऐकायची मला फार इच्छा आहे.

आंद्रादेंबरोबर त्यांनी 2023-24 मध्ये ‘रेअर फ्लेवर्स’ केलं. त्यातला रुबिन बक्ष हा बकासुर. भीमाने गाडाभर अन्न फस्त करून ज्याला मारलं तोच. आपण अधाशी माणसाला बकासुर म्हणतो आणि विषय संपवतो. इथे हा बकासुर मो नावाच्या निराश तरुण दिग्दर्शकाला गाठतो आणि म्हणतो, आपण भारतभर फिरून खाण्यावर माहितीपट करू. मागे त्याला मारायला निघालेले शिकारी आहेत, आणि माणसं खायची सवयही पुरती सुटलेली नाही. प्रत्येक भागात एक पाककृती आहे, आणि तीही मसाला चहासारख्या साध्या गोष्टीची. पातेल्यात आलं पडतं, दूध वर येतं, आणि ज्याने सारं जग गिळून पाहिलं तो राक्षस एका टपरीवरच्या ग्लासापुढे गप्प होतो. आंद्रादेंनी त्या अवाढव्य हातात तो इवलासा काचेचा ग्लास काढलाय.

2024 च्या अखेरीस त्यांनी इव्हान केगल या चित्रकाराबरोबर ‘द न्यू गॉड्स’ हाती घेतलं. जॅक कर्बी यांनी 1971 मध्ये उभं केलेलं देवांचं हे जग, त्यात नवी भर घालायची म्हणजे जोखीमच. राम व्हींनी सुरुवात कशी केली? पृथ्वीवर एक नवा देव जन्माला येणार असल्याचं भाकीत होतं. ओरायन या योद्ध्याला हुकूम मिळतो : जा, ते मूल शोध आणि मार. कंसाच्या गोष्टीवर वाढलेल्या वाचकाला पुढचं थोडंफार कळतंच. मी मात्र पान उलटायच्या आधी 2021 मधलं ते मुंबईचं हॉस्पिटल पुन्हा काढून पाहिलं. छतावरचा पांढरा उजेड, पुढे झुकलेली लैला, आणि तिच्याकडे टकामका बघणारा एका दिवसाचा दारियस.