बोक्याचं ऑपरेशन बोक्यासाठीच

"बोक्याचं कशाला करताय? पिल्लं तर मांजर घालते!" माझ्या बोक्याला, भुऱ्याला, ऑपरेशनला नेणार म्हटल्यावर विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत हे मी घरोघरी ऐकलं. शंका रास्त आहे. एका बोक्याचं केलं म्हणून गल्लीतली पिल्लं कमी होत नाहीत, मांजरीपाशी दुसरा बोका पोचतोच. पिल्लं थांबवायची तर मांजरींचं करावं लागतं. बोक्याचं करायचं ते त्याच्या स्वतःच्या जिवासाठी.

सहाएक महिन्यांत बोका वयात येतो. मग रात्र रात्र बाहेर, मांजरीच्या वासावर शंभर फुटी रस्तासुद्धा ओलांडायचा, आणि मारामाऱ्या. चावा वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसतो, आत पू धरतो. अशा चाव्यांतूनच एचआयव्हीच्या कुळातला एक विषाणू पसरतो. माणसाला तो होत नाही, पण मांजराची प्रतिकारशक्ती पोखरतो. दारापडद्यांवर उग्र वासाच्या चिळकांड्या उडतात, तो ताप वेगळाच. ऑपरेशननंतर बहुतेक बोक्यांचं हे सगळं थांबतं किंवा पुष्कळ कमी होतं.

ऑपरेशन छोटं असतं. पूर्ण भूल देऊन बारीक छेदातून दोन्ही अंड काढतात, नळीला गाठ मारतात. टाके बहुधा लागत नाहीत. खरी काळजी भुलीची. पोट भरलेलं असताना उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून डॉक्टर सांगतील तेवढा वेळ उपाशी ठेवायचंच, कितीही केविलवाणं ओरडला तरी.

भुऱ्याला माझ्या हातात दिलं तेव्हा अंग लुळं आणि डोळे सताड उघडे. मला रडूच आलं. भुलीत मांजराचे डोळे उघडेच राहतात, घाबरायचं नसतं. घरी त्याला कॉटवर न ठेवता जमिनीवर निजवलं, कारण उठताना झोकांड्या जातात. शी-शूच्या ट्रेमध्ये वाळूऐवजी वर्तमानपत्राचे कपटे टाकले, म्हणजे जखमेत कण जात नाहीत. आणि दुखत असेल म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराला ती विष आहे.

पुढे त्याची भूक वाढते आणि अन्नाची गरज घटते, तेव्हा मापून घाला. काही आठवडे त्याला मांजरींपासून लांब ठेवा, आधीचं बीज शरीरात उरलेलं असतं. पाणी भरपूर पोटात जाऊ द्या. बोक्याची मूत्रनळी मुळातच अरुंद, ऑपरेशन झालेलं असो वा नसो. तो बसून कळ देतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.