डावी बाजू बिघडली? उजवीला विचारा!

मोटारीत गाणे लागले आहे. उजवीकडचा स्पीकर स्वच्छ वाजतो आहे, डावीकडून मात्र फाटका आवाज येतो. गतिरोधकावरून गाडी उडाली की डावी बाजू क्षणभर सुधारते आणि पुन्हा बिघडते. असाच एक विवर्धक, म्हणजे आपण ज्याला ॲम्प्लिफायर म्हणतो तो, एका विद्यार्थ्याने वडिलांच्या मोटारीतून काढून माझ्याकडे आणला. ‘हा दुरुस्त होणार नाही, नवा घ्या,’ असे त्याला एका दुकानात सांगितले होते. परिपथाची आकृती त्याच्याजवळ नव्हती.

गाडीच्या बॅटरीला विवर्धक जोडून झाल्यावर तो म्हणाला, “सर, चांगला चालणारा उजवा स्पीकर डावीकडे लावून बघू?”

मी त्याला थांबवले. का, ते समजण्यासाठी विवर्धकाच्या पोटात थोडे शिरावे लागेल.

इंजिन चालू असताना मोटारीत सुमारे 14 व्होल्ट विद्युत् दाब मिळतो. मोठ्या आवाजाला तो पुरत नाही. म्हणून विवर्धकात आधी दाब वाढवणारा भाग असतो. बॅटरीचा एकदिश प्रवाह तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो आणि जोडतो, कड्याच्या आकाराच्या ट्रान्सफॉर्मरमधून नेतो आणि पुन्हा एकदिश करतो. आमच्या विवर्धकात असे धन 28 आणि ऋण 28 व्होल्ट तयार होत होते. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक बाजूला दोन ट्रँझिस्टर असतात. एक स्पीकरला धन दाबाकडे ओढतो, दुसरा ऋण दाबाकडे. दोन माणसांनी ओढायची करवत तुम्ही लाकडाच्या वखारीत पाहिली असेल, तसेच हे काम.

आता यातला एक ट्रँझिस्टर जळून आतून जोडला गेला असेल तर? सगळेच्या सगळे 28 व्होल्ट स्पीकरवर येतील. ‘4 ओहम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकरच्या वेटोळ्याचा रोध मीटरवर साधारण 3.5 ओहम भरतो. ओहमचा नियम लावा: 28 भागिले 3.5, म्हणजे 8 अँपिअर. शक्ती 28 गुणिले 8, म्हणजे 224 वॅट! शिवाय हा प्रवाह एकदिश, त्यामुळे पडदा एकीकडे ताणून बसतो आणि सगळी शक्ती केवळ उष्णता होते. संरक्षक मंडल असेल तर ते विवर्धक बंद करते. पण बिघडलेल्या यंत्रातले संरक्षण शाबूत आहे असे कोणी सांगितले? विद्यार्थी असताना माझा एक चांगला स्पीकर असाच गेला. त्याचा जळका वास अजून आठवतो.

म्हणून पहिली अदलाबदल स्पीकरची नव्हे, रेडिओकडून येणाऱ्या वायरींची. उजवीची वायर डावीत, डावीची उजवीत. बिघाड जर उजवीकडे सरकला, तर दोष रेडिओचा किंवा वायरीचा. आमचा बिघाड डावीकडेच राहिला. मग दोन्ही स्पीकर काढून, गाणे बंद ठेवून, निर्गमाच्या टोकांवर एकदिश दाब मोजला. उजवीकडे 11 मिलिव्होल्ट, डावीकडे 14. म्हणजे धोका नाही. आता कुठे मी उजवा स्पीकर डावीकडे लावू दिला. तोही फाटकाच वाजला. म्हणजे स्पीकर निर्दोष, दोष विवर्धकाच्या डाव्या बाजूत.

पेटी उघडल्यावर बॅटरीच्या धन वायरीत 12 व्होल्ट, 21 वॅटचा मोटारीचा दिवा एकसरीत जोडला. ही कारागिरांची युक्ती मला फार आवडते. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा लखकन पेटतो आणि पावणेदोन अँपिअरच्या वर प्रवाह जाऊच देत नाही. शॉर्ट नसेल तर तो क्षणभर चमकून मंद होतो, कारण आतली धारित्रे भरेपर्यंतच मोठा प्रवाह लागतो. आमचा मंद झाला.

आकृतीवाचून दाब कोणता बरोबर हे कसे ओळखायचे? उत्तर शेजारीच होते. डावी आणि उजवी बाजू ही जुळी भावंडे! मीटरचे काळे टोक सामाईक भूबिंदूवर ठेवून आम्ही तोच भाग आधी उजवीकडे, मग डावीकडे मोजत गेलो. बहुतेक आकडे जुळले. शेवटच्या ट्रँझिस्टरांच्या उत्सर्जकाला 0.22 ओहमचे रोधक होते. उजवीकडच्या रोधकाच्या दोन टोकांमध्ये 10 मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे 45 मिलिअँपिअर प्रवाह. गाणे नसतानाही दोघे करवत हलकेच धरून असतात, तो हा प्रवाह. डावीकडे शून्य! तिथे करवतीचे एक टोक कोणी धरलेलेच नव्हते.

वीज तोडली, मोठी धारित्रे 100 ओहमच्या रोधकातून रिकामी केली आणि तक्ता उलटा करून भिंगाखाली धरला. ट्रँझिस्टरच्या उत्सर्जकाच्या पायाभोवती, डाखात, केसाएवढे बारीक काळे कडे दिसले. ट्रँझिस्टर ॲल्युमिनियमच्या पेटीला स्क्रूने आवळलेला, तक्ता वेगळ्या स्क्रूंवर. पेटी तापली की प्रसरण पावते आणि पाय ओढला जातो. निवली की परत येतो. त्यात आपल्या पुण्याचे गतिरोधक! वारंवार वाकवलेली तार तुटते तसा डाखही तुटतो. गाडी उडाल्यावर आवाज का सुधरत होता, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत डाखाची तार सहज मिळते. कथील-शिशाची तार 183 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. धुरामुळे खिडकी उघडी ठेवायची आणि शिसे विषारी, म्हणून नंतर हात साबणाने धुवायचे. जुना डाख काढून विद्यार्थ्याने नवा दिला. दिव्यासकट पुन्हा वीज जोडली. डावीकडे 9 मिलिव्होल्ट.

मग त्याने भिंग उजव्या बाजूच्या त्याच पायावर नेले. तिथेही कडे अर्धे उमटले होते. तोही डाख त्याने त्याच बैठकीत बदलला.