प्रतिज्ञा : विधान आणि व्रत

न्यायदर्शनात अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. यांतील प्रतिज्ञा म्हणजे सिद्ध करावयाचे विधान. मराठीच्या रूढ वापरात मात्र प्रतिज्ञा म्हणजे शपथ, दृढ संकल्प. धार्मिक व राजकीय वादांत सूत्रबद्ध विधानांनी बजावलेली भूमिका समजून घेण्यास हा अर्थभेद उपयोगी पडतो.

मार्टिन लूथर याने १५१७ मध्ये मांडलेली ९५ विधाने पहिल्या अर्थाने प्रतिज्ञा होत. ती लॅटिन भाषेत, विद्यापीठीय वादसभेच्या प्रचलित घाटात लिहिलेली होती. पापदंडाच्या माफीपत्रांविषयी चर्चा व्हावी, हा त्यांचा प्रकट हेतू. मुद्रणामुळे ती विद्वानांच्या वर्तुळाबाहेर गेली आणि चर्चेचे निमंत्रण धर्मसंघर्षाचे निमित्त ठरले.

विदर्भात या प्रकाराशी नाते सांगणारे दोन दस्तऐवज नागपूर-वर्धा मार्गाच्या दोन टोकांना सिद्ध झाले; केळझर हे या मार्गावरचेच गाव. १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यास काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपुष्टात आणण्याची मागणी करणारा ठराव केला. मागणी अमान्य झाल्यास अहिंसक लढ्याचा इशारा त्यात होता. अंतिम निर्णय अखिल भारतीय समितीकडे सोपविला होता व तो ८ ऑगस्टला मुंबईत झाला. ठरावाचा कर्ता समूह असतो. मतभेद मागे ठेवून तो एका स्वरात बोलतो आणि पुढील मान्यतेची वाट पाहतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांची रचना याहून वेगळी आहे. लाखोंच्या समुदायात उच्चारल्या गेल्या तरी त्यांचा कर्ता 'मी' हा एकवचनीच आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे मत पाचवी प्रतिज्ञा खोटे ठरविते; हे खंडन वादसभेतही शोभावे असे आहे. चोरी, असत्य, मद्यपान यांविषयीच्या प्रतिज्ञा मात्र शुद्ध आचारसंकल्प होत. विधान आणि व्रत हे प्रतिज्ञेचे दोन्ही अर्थ येथे एकाच संहितेत नांदतात. तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीची उपासना नाकारते. सिद्धिविनायकाचे प्रसिद्ध स्थान असलेल्या केळझरसारख्या परिसरात हा नकार केवळ तात्त्विक राहत नाही. सणवार, वर्गणी, शेजारधर्म अशा नित्य व्यवहारांत त्याची कसोटी लागते.

स्वतःचे विधान सोडून देणे यास न्यायशास्त्रात 'प्रतिज्ञाहानी' म्हणतात. ते वादातील पराभवाचे एक स्थान आहे. तेथे हरतो तो युक्तिवाद. व्रतरूप प्रतिज्ञेची हानी मात्र आचरणात होते आणि तिचा निर्णय करणारी सभा नसते. प्रतिज्ञा घेणाराच तिचा साक्षी असतो. म्हणून अशा संहितांचा अभ्यास करताना त्यांतील मतांची तर्कशुद्धता तपासणे पुरेसे नाही. वाक्याचा कर्ता कोण, क्रियापद विधानार्थी की संकल्पार्थी, आणि ते वाक्य कोणासमोर उच्चारले गेले, हे प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाने आधी विचारावयास हवेत.