उड्डाणाआधी लोंबून पाहा
रत्नागिरीच्या जांभ्या कड्यांवर दुपारचा समुद्रवारा थडकून वर चढतो. अशाच चढत्या वाऱ्यावर हँग ग्लायडर तरंगतो. मात्र कडा कोणताही असो, वाऱ्याइतकाच घातक ठरतो तो विसरभोळेपणा. स्वित्झर्लंडमध्ये २०१८ साली चालकाने सहप्रवाशाला ग्लायडरशी जोडलेच नव्हते. तो पर्यटक दोन मिनिटांहून अधिक काळ हातांनी लोंबकळला; मनगट मोडले, जीव वाचला. हार्नेस अंगावर आवळलेले असल्याने आपण जोडलेलो आहोत, असा भास होतो, हीच खरी मेख. त्यासाठी उड्डाणापूर्वी चालकाने हार्नेसमध्ये आडवे होऊन भार द्यावा. सोबत्याने ग्लायडरचे नाक धरावे आणि कॅराबिनर बंद आहे ना, मुख्य पट्ट्याबरोबर राखीव पट्टाही त्यात अडकला आहे ना, हे पाहावे. वाऱ्याची वाट पाहताना ग्लायडरपासून सुटे झाल्यास सारी तपासणी पुन्हा करावी.