सायकलीनं माळशेज घाट



गेल्या डिसेंबरात भिवंडी तालुक्यातल्या बचत गटांच्या आम्ही नऊ जणी सायकलीनं माळशेज घाट चढून आलो. तेव्हापासून कुठल्याही बैठकीत हिशोबाची वही मिटली की प्रश्न येतो, "ताई, दम नाही लागला का?" लागला की! पण दमाचा प्रश्न शेवटचा. त्याच्या आधीच्या चार गोष्टी कुणी विचारत नाही, म्हणून आज त्याच सांगतो.

आमच्यातली सगळ्यात मोठी बावन्न वर्षांची. दोघी तर त्याच वर्षी सायकल शिकलेल्या. पैशांवरून गटात वाद झाला. "सहलीसाठी अंतर्गत कर्ज कसलं देता?" असं काही जणी म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग आम्ही आठवड्याला वीस रुपये वेगळे काढले. त्यातून सहा गिअरच्या सायकली भाड्यानं आणल्या, तीन घरच्याच होत्या. घरची परवानगी हा दुसरा वाद. तेव्हा आम्ही तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईची गोष्ट सांगत फिरलो. 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत तिथल्या खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर होत्या, खाणीत खडी फोडणाऱ्या होत्या. पाणी, बाजार, शाळा सगळं सायकलीवर करू लागल्या. तिथल्या जिल्हाधिकारीही बाईच होत्या. एका सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या घाट चढल्या का?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

आता रस्ता. तो आपल्या दारातूनच निघतो. 61 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग भिवंडीहून कल्याण, मुरबाड, टोकावडे, वैशाखरे करत माळशेज चढतो आणि पुढे अहिल्यानगरकडे जातो. घाटमाथा आपल्यापासून शंभरेक किलोमीटर. आम्ही पहाटे पाचला निघालो, कारण आपल्याकडे गोदामांचे कंटेनर सुरू झाले की सायकलला जागा उरत नाही. खरं सांगायचं तर आख्ख्या प्रवासात भीती वाटली ती इथेच, कोन गावापर्यंत. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उभ्या किंवा हळू चाललेल्या कंटेनरच्या डाव्या बाजूनं कधीही पुढे घुसू नका. ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही, आणि तो डावीकडे वळला की त्याची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आत येतात. थांबा, त्याला जाऊ द्या.

दुर्गाडीचा पूल, कल्याण, रायता, मुरबाड. दुपारचं ऊन एका देवळात काढलं आणि संध्याकाळी टोकावड्याच्या पुढे ओळखीच्या एका गटाच्या ताईंकडे मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी समोर भिंतच उभी. एसटीच्या खिडकीतून ती अशी दिसत नाही. आपला सह्याद्री हा काळ्या बेसाल्टचा दगड, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहून आलेला तप्त रस. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा. काही थर कठीण, काही मऊ. मऊ थर पावसानं झिजला आणि कठीण थर कड्यासारखा उभा राहिला, म्हणून डोंगराला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. आपल्या कोकणच्या बाजूला पाऊस प्रचंड आणि समुद्र जवळ, त्यामुळे ओढे थेट खाली कोसळतात आणि खोल घळी कापतात. पलीकडे देशावर जमीन हळूहळू उतरत जाते. म्हणजे चढायचे कष्ट सगळे आपल्या बाजूला! इकडचं पाणी काळू नदीतून उल्हासला मिळून आपल्या खाडीत येतं. माथ्यापलीकडचं पिंपळगाव जोग्याच्या धरणात जाऊन पुढे कुकडी, घोड, भीमा, कृष्णा करत पार बंगालच्या उपसागरात पोचतं.

वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची जुनी पायवाट लागते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरातला माल या वाटेनं जुन्नरला चढायचा. वर गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा शिलालेख आहे, त्यात यज्ञांचा आणि दानाचा हिशोब कोरलेला आहे. किती गाई, किती नाणी, सगळे आकडे आहेत. आमच्यातल्या खजिनदार ताई म्हणाल्या, "बघा, वही तेव्हाही बाईच्याच नावावर." ती वाट चालणाऱ्यांची, त्यामुळे सरळ उभी चढते. चाकाला तसं जमत नाही, म्हणून गाडीरस्ता वळणं घेत लांबून जातो. उंची तेवढीच, साधारण सातशे मीटर. ती लांब अंतरात वाटून दिली की चढ सौम्य होतो.

गिअर हेच करतो. साध्या सायकलला पुढच्या चक्राला समजा 44 दाते आणि मागच्याला 18 असतील, तर पायडल एकदा फिरवलं की चाक जवळपास अडीच वेळा फिरतं. म्हणजे एका दाबात सायकल पाच मीटर सरकते. सपाटीवर हे छान, पण चढावर तो एक दाब गुडघ्याला झेपत नाही. गिअरच्या सायकलला पुढे 28 आणि मागेही 28 दाते घेतले तर एका फेऱ्याला चाक एकदाच फिरतं, दोन मीटर सरकतं. पोतं एकदम डोक्यावर घेण्याऐवजी पाच पाट्यांनी धान्य वाहावं, तसं. खेपा वाढतात पण मान मोडत नाही. हलका गिअर चढ लागायच्या आधीच टाकावा. जोर लावून झाल्यावर बदलायला गेलं की चेन उतरते.

आणि सीट. आपण सगळ्याजणी सीट खाली ठेवतो, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. चढावर त्यानं गुडघे दुखतात. पायडल खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा, एवढी सीट वर हवी. पहिला दिवस भीती वाटते.

आमचा नियम होता, सगळ्यात हळू असेल तिनं पुढे राहायचं. त्या ताईंकडे मुलीची शाळेची सायकल होती, बिनगिअरची. त्या निम्मा घाट सायकल ढकलत चालत आल्या आणि आम्ही त्यांच्या मागे. सायकल हातात धरून चालणं यात हरल्यासारखं काही नाही. पण मागून येणाऱ्या वाहनांना आपण दिसायला हवं, म्हणून भडक ओढणी आणि मागे लाल दिवा हवाच. घाटातल्या छोट्या बोगद्यात तर दिव्याशिवाय जाऊच नका.

एक गोष्ट रेडिओवर बोलायला संकोच वाटतो, पण बोलतो. वाटेत बायकांसाठी संडास फार कमी. म्हणून दोघींनी सकाळपासून पाणीच घेतलं नाही, आणि अकरा वाजता एकीला चक्कर आली. सावलीत आडवं केलं, साखर-मिठाचं पाणी दिलं. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, आपल्याला प्रशिक्षणात शिकवलेलंच. त्यानंतर जिथे घर दिसलं तिथे सरळ विचारलं, "ताई, जरा बाथरूमला जाऊ का?" एकीनंही नाही म्हटलं नाही, उलट चहा ठेवला.

माथ्यावर एकच्या सुमाराला पोचलो. हरिश्चंद्रगडाचा डोंगर समोर, खाली आम्ही आलो तो रस्ता दोऱ्यासारखा. तासभर बसलो. फोटो गटाच्या ग्रुपवर आहेतच.

खरा धोका उतारात. निघण्याआधी भिवंडीतल्या एका दुकानात सायकली दाखवल्या होत्या, "सगळं ओके" म्हणाले. उताराच्या तिसऱ्या वळणावर मुलीची सायकल घेतलेल्या त्या ताईंची मागच्या ब्रेकची वायर तुटली. नशीब, वेग कमी होता. त्यांनी पुढचा ब्रेक हळूहळू दाबत सायकल डोंगराच्या बाजूच्या खडीत घातली आणि कोपर खरचटण्यावर निभावलं. तेव्हापासून आम्ही वायर स्वतः बघतो. लिव्हरच्या तोंडाशी एक जरी तार उसवलेली दिसली तरी वायर बदलायची, आणि ब्रेकच्या रबरावरच्या खाचा बुजल्या असतील तर रबरही. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नये, रिम आणि रबर तापतात आणि पकड कमी होते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग कमी करायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. नुसता पुढचा जोरात दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. वजन मागे ठेवून बसावं.

पावसाळ्यात तिकडे सायकल घेऊन जाऊ नका, कितीही धबधबे दिसोत. दरडी कोसळतात, धुक्यात समोरची गाडी दिसत नाही आणि ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंतचे दिवस बरे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो. त्या ताईंनी मुलीची सायकल नव्या वायरी आणि नवे रबर घालून परत दिली. मुलीनं आधी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले, आणि मग म्हणाली, "आई, सीट एवढी वर कुणी केली?"