पंखाची मंजुरी

आपल्याकडची कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडे घालून मोकळी होते, तसाच उत्तर अमेरिकेतील काऊबर्ड हा पक्षीही अपत्यसंगोपनाचा भार परक्यांवर टाकतो. आणि परजातीच्या पालकांनी वाढवलेला त्याचा नर मोठेपणी गाणे मात्र स्वजातीचेच गातो. यावरून, हे गाणे सर्वस्वी उपजत, त्यात शिक्षणाचा लेशही नाही, असा समज रूढ व्हावा हे स्वाभाविक होते.

मेरेडिथ वेस्ट आणि अँड्र्यू किंग या संशोधकांनी तो समज अपुरा ठरविला. या जातीची मादी गात नाही. तेव्हा ती नराला काय शिकविणार? पण तरुण नर माद्यांच्या सहवासात ठेवून बारकाईने निरीक्षण केले असता असे आढळले की, नर नाना लकेरी घेऊन पाहत असताना मादी बहुधा निर्विकार बसून राहते, आणि क्वचित एखादीच लकेर कानी पडताच तिचा पंख अंगापासून किंचित सुटून हलतो व निमिषार्धात पूर्ववत मिटतो. नराला तेवढी मंजुरी पुरेशी असते. तीच लकेर तो पुन्हा पुन्हा घेऊ लागतो. १९८८ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील असा की, पंख हलविणाऱ्या या लकेरी पुढे इतर माद्यांना ऐकविल्या, तेव्हा त्यांना मीलनोत्सुक करण्यातही त्याच अधिक प्रभावी ठरल्या.

विविधता, तीतून निवड आणि निवडलेल्याचे टिकणे, हा जो क्रम डार्विनने १८५९ साली जीवजातींच्या बाबतीत मांडला, तोच येथे एका पक्ष्याच्या एका आयुष्यात घडतो. पेटीत कोंडलेल्या मांजरांच्या धडपडीतून निरुपयोगी चाळे गळून दार उघडणारी हालचाल तेवढी कशी उरते, हे मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने १८९८ सालीच दाखविले होते. जीवजातींतील आणि एका आयुष्यातील अशा या दोन्ही निवडींची सांगड मानसशास्त्रज्ञ स्किनरने १९८१ साली एका लेखात घातली.

परंतु या दोन निवडी नुसत्या समांतर नाहीत. तरुण नराने अनेक लकेरी घेऊन पाहाव्यात, मादीच्या पंखावर नजर ठेवावी, आणि मादीलाही विशिष्ट स्वरांचीच आवड असावी, ही सारी सिद्धता पूर्वीच्या असंख्य पिढ्यांतील निवडीने करून ठेवलेली आहे. आणि कोणत्या नराची संतती पुढे नांदणार, हे या शिक्षणाच्या यशावर अवलंबून राहते. म्हणून ‘रक्त की संगत’ हा वाद येथे फोल आहे. एवढे खरे की, मादीची मर्जी राखून कमावलेली लकेर नराच्या बीजातून पिल्लांकडे जात नाही. शिकण्याची पात्रता तेवढी जाते.